घटिकापात्रातला मोती

कालप्रवासाच्या एखाद्या चित्रपटाविषयी कोणी शंका काढली, की एक ठरलेले उत्तर मिळते : विज्ञानकथेत तर्क शोधायचा नसतो. प्रेक्षकाने असे म्हणावे हे समजण्यासारखे आहे. परंतु कादंबरीतल्या घटनांची संभाव्यता काटेकोरपणे तपासणारे साहित्याचे अध्यापकही पडद्यापुढे बसले की हेच म्हणू लागतात. आमचा वाद या सवलतीशी आहे.

यंत्र कसे चालते हे चित्रपटाने सिद्ध करावे, असा आमचा हट्ट नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. मग तासभर मागे गेलेला प्रवासी आपल्याच खोलीत कसा उतरतो, लाखभर किलोमीटर दूरच्या पोकळीत का नाही, हेही आम्ही विचारणार नाही. एच. जी. वेल्सने १८९५ साली 'द टाइम मशीन' लिहिली तेव्हा त्यानेही वाचकाकडून एक अशक्य गोष्ट उसनी घेतलीच होती. एवढी उधारी प्रत्येक कल्पितकथेला द्यावी लागते. आमची तक्रार उधारी बुडवण्याविषयी आहे.

'सुपरमॅन' (१९७८) पाहा. मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नकोस, अशी नायकाला पित्याची सक्त आज्ञा आहे. नायिका मरण पावते, तेव्हा तो पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळ उलटा फिरवतो आणि ती जिवंत होते. आज्ञाभंगाची शिक्षा? काहीच नाही. मग ती आज्ञा कथेत आलीच कशाला? आपल्याकडच्या 'ॲक्शन रीप्ले'त (२०१०) मुलगा भूतकाळात जाऊन आईबापांत प्रेम जुळवतो आणि परत येतो तो सुखी घरात. पण त्या सुखी घरात इतकी वर्षे लहानाचा मोठा झालेला मुलगा कोण होता? त्याचे बालपण, त्याच्या आठवणी कुठे गेल्या? चित्रपटाला हा प्रश्न पडत नाही, कारण तो पडला तर शेवट गोड होत नाही. पटकथेची ही आडवाट विज्ञानातली चूक म्हणून सोडून देता येणार नाही. ही कथनातली लबाडी आहे.

यावर कोणी म्हणेल, भावना खरी असली की झाले. आम्ही उलट विचारतो, भावना उभी कशावर राहते? त्यासाठी दूर जायला नको. आमच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला शके ११२८ मध्ये दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांच्या मुलीची एक आख्यायिका सर्वांना ठाऊक असते. लग्नाचा मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्रात लीलावती डोकावली, तिच्या अंगावरचा मोती आत पडला, पात्राचे छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त टळला. तिच्या सांत्वनासाठी पित्याने 'लीलावती' लिहिली. ही कथा मूळ ग्रंथात नाही. १५८७ साली फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून ती पुढे आली. इतिहास म्हणून ती टिकत नाही, पण कथा म्हणून टिकते. कारण एका मोत्याने जे घडले त्याची पूर्ण किंमत ती मोजते.

आता आमच्या पटकथाकाराला पाटणला पाठवा. तो यंत्रातून उतरेल, मोती काढील, लग्न लावून देईल आणि टाळ्या घेईल. पण लग्न लागले तर सांत्वनाचा ग्रंथ कशाला लिहिला जाईल? ग्रंथ नाही, तर लीलावती हे नाव आपल्यापर्यंत कसे येईल? आणि नावच आले नाही, तर तो प्रवासी कोणासाठी निघाला होता? या प्रश्नाशी झुंजणारा चित्रपट आम्ही डोक्यावर घेऊ. तो टाळणाऱ्याने निदान आपल्या कामाला कल्पकता म्हणू नये.

हे जमत नाही असे नाही. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये ते केले. तो रूढ अर्थाने कालप्रवास नव्हे. मराठे पानिपत जिंकले अशा पर्यायी जगात एक इतिहासाचा प्राध्यापक जाऊन येतो. परतताना त्याच्या खिशात बखरीचे एक फाटके पान उरते, आणि त्या एका पानाचा खुलासा कथेला द्यावाच लागतो. पुराव्याचे हे ओझे आम्हा खानदेशी वाचकांना परके नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापताना पहिल्याच खंडात (१८९८) पानिपतकाळची पत्रे पुढे आणणाऱ्या राजवाड्यांनी १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवला, आणि त्यांचे दफ्तर तिथल्या संशोधन मंडळात जपले गेले. पानिपतचा पराभव त्यांनाही बोचला असेल. म्हणून त्यांनी एकही पत्र बदलले नाही.

झालेली गोष्ट न झालेली करता येत नाही, म्हणून माणसे पश्चात्ताप करतात, क्षमा मागतात, सांत्वनाला ग्रंथ लिहितात. साहित्याचा बराचसा संसार याच अशक्यतेवर चालतो. ती अशक्यता दोन तासांत फुकटात मोडून दाखवणाऱ्या चित्रपटाला 'तर्क शोधायचा नसतो' म्हणून सोडून देणारा अध्यापक केवळ भौतिकशास्त्राला सूट देत नाही. तो आपल्याच विषयावर पाणी सोडतो.