टाकीतले मासे आणि दर्यावरचा हक्क

सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. या किनाऱ्यावरील एखाद्या गाबीत कुटुंबाला, घरामागच्या परड्यात टाकी बसवून तीत मासे पाळा आणि त्याच पाण्यावर भाजी पिकवा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकणाऱ्याला तो थट्टेचा वाटेल. अ‍ॅक्वापोनिक्स या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यामागचे शास्त्र खरे आहे, तिची उपयुक्तताही काही मर्यादेत खरी आहे. म्हणूनच ती कोणाच्या हाती राहते आणि कशाच्या बदल्यात पुढे केली जाते, याची चिकित्सा समाजवादी कार्यकर्त्यांनी वेळीच केली पाहिजे.

शास्त्र थोडक्यात असे. मासे खाद्य खातात आणि त्यांच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो साचला तर मासे मरतात. पण पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवले, तर खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवतात. नायट्रेट हे वनस्पतीचे अन्न. झाडे ते शोषून घेतात आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत येते. पाणी फेकून द्यावे लागत नसल्याने नेहमीच्या भाजीशेतीच्या सुमारे एक दशांश पाण्यात काम भागते. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने, आणि पुढे व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स रॅकॉसी यांनी या पद्धतीचा पाया घातला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान कुटुंबांसाठी तिची सविस्तर पुस्तिकाही काढली. जिवाणूंची वस्ती नीट बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. हा धीर नसलेल्या उत्साही माणसाची पहिल्या खेपेची मासळी बहुधा मरते.

मालवणच्या किनाऱ्याला ही पद्धत का रुचावी, हेही समजून घेतले पाहिजे. येथे पाऊस मुबलक पडतो आणि तांबड्या जांभ्याच्या कातळावरून तितक्याच वेगाने समुद्राला मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत घराभोवती चार माड आणि तुळशीवृंदावनापुरती जागा, शेतजमीन अनेकांना मुळीच नाही. लाल माठ, मुळा, वाली पिकवायला जिथे मातीच नाही, तिथे मातीवाचून आणि थोड्या पाण्यात होणारी भाजी ही लहान गोष्ट नव्हे. १ जूनला मासेमारी बंदी लागू झाली की पुढचे दोन महिने घरात रोख पैसा येत नाही आणि ताजी मासळीही येत नाही. त्या दिवसांत दारची टाकी कुटुंबाच्या ताटात काही घालू शकते.

मासे आणि पीक यांची सांगड घालण्याची कल्पना कोकणाला परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात आणि अलीकडच्या खाड्यांच्या काठीही शतकानुशतके खाजणशेती होत आली. खाऱ्या पाण्याला बांध घालायचा, पावसाळ्यात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात काढायचे, आणि कापणीनंतर भरतीचे पाणी आत घेऊन कोळंबी व मासे धरायचे. भाताचे धसकट माशांना उपयोगी पडे, माशांची घाण पुढच्या भाताला. आजच्या टाकीतले शास्त्र तेच आहे. फरक आहे तो मालकीचा. खाजणाचा बांध एकट्यादुकट्याने राखता येत नसे. गोव्यात तो गावकरी राखी, आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होऊन आलेला पैसा बांधाच्या डागडुजीकडे वळे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. गावकरीत कोणाचा शब्द चाले आणि चिखलात कोण उतरे, हे सांगण्याची गरज नाही. पण पाणी, मासा आणि भात हा साऱ्या गावाचा विषय होता. महाराष्ट्रात १९४८ चा खार जमीन कायदा आणि १९७९ चा खार जमीन विकास अधिनियम झाल्यावर बांध सरकारी खात्याचा झाला. बांध फुटला की अर्ज करायचा आणि वाट पाहायची, एवढेच काम गावाकडे उरले.

याच खाऱ्या जमिनींवर भांडवलाची नजर पडली तेव्हा काय झाले, हे तामिळनाडूत दिसले. नव्वदीच्या दशकात निर्यातीच्या कोळंबीसाठी तेथील किनाऱ्यावर तळी खोदली गेली. भातजमीन आणि विहिरी खारावल्या. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी लढा दिला आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील अशा तळ्यांविरुद्ध निकाल दिला. मासा आणि भात यांचे जे नाते खाजणात गावाला पोसत होते, त्यातून भात बाहेर काढल्याबरोबर ते गावाच्या मुळावर आले.

परड्यातली टाकी ही कोळंबीच्या त्या तळ्यांसारखी राक्षसी नाही. उलट १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहियांनी ज्या लहान यंत्राचा आग्रह धरला, त्या जातीची ही वस्तू आहे: घरात मावणारी, घरच्यांना दुरुस्त करता येणारी, मजुरांची फौज न लागणारी. पण यंत्र लहान असले म्हणजे ते आपोआप स्वावलंबी होत नाही. शिवणयंत्र घरात आले तरी कापड आणि गिऱ्हाईक व्यापाऱ्याच्या हाती असेल, तर घरातली बाई त्याची मजूरच राहते. टाकीच्या बाबतीत ही नाडी कुठे आहे? ती आहे खाद्याच्या पोत्यात.

हिशेब करून पाहावा. हजार लिटरच्या टाकीत फार तर वीस किलो मासे एका वेळी सुखाने राहतात. वर्षाकाठी तीस किलो मासळी काढायची म्हटली, तर एका किलोला सुमारे दीड किलो या प्रमाणात पंचेचाळीस किलो खाद्य लागते. महिन्याला अडीच किलो मासळी मालवणी घराला किती पुरणार, हे त्या घरातील बाईला विचारावे. भाजी त्या मानाने बरी येते. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज चाळीस-पन्नास ग्रॅम खाद्याइतकी माशांची घाण पुरते. म्हणजे मासा काय किंवा भाजी काय, दोन्ही शेवटी त्या पोत्यातूनच निघतात. वरून येणारे दुसरे काही नाही.

आणि पोत्यात काय असते? सर्व खाद्यांत प्रमाण सारखे नसते, सोयाबीनच्या पेंडीने बरीच जागा व्यापली आहे हेही खरे; पण कारखान्यात तयार होणाऱ्या माशांच्या खाद्यात मासळीची भुकटी हा जुना घटक आहे. एक किलो भुकटीला चार ते पाच किलो ओली मासळी लागते. ती मासळी म्हणजे तारली, आणि जाळ्यात सापडलेली सर्व प्रकारची पिल्ले, जिला मालवणात कुटी म्हणतात. रत्नागिरीपासून कर्नाटकाच्या किनाऱ्यापर्यंतचे भुकटीचे कारखाने पर्ससीन आणि ट्रॉलर यांच्या जाळ्यांवर चालतात. रापणकराच्या वाट्याची मासळी ज्या जाळ्यांनी ओढून नेली, तीच दळून, पोत्यात भरून, टाकीचे खाद्य म्हणून त्याच्याच बायकोला विकायची, असा हा व्यवहार होऊ शकतो. जे तिच्या नवऱ्याने दोर ओढून फुकट आणले असते, ते तिने उधारीवर विकत घ्यायचे!

येथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते. रापण ही केवळ मासे पकडण्याची रीत नव्हे. जाळे संघाचे, मेहनत साऱ्यांची आणि मासळीचे वाटे ठरलेले. किनाऱ्यावर दोराला हात लावणाऱ्यालाही चार बांगडे मिळत. सहकार हा शब्द कायद्यात येण्यापूर्वी या वाळूवर तो रोज आचरला जात होता. पर्ससीनने आणि त्यानंतर विजेच्या प्रखर दिव्यांनी मासळीचे थवे किनाऱ्याला येण्याआधीच बाहेरच्या बाहेर उचलले जाऊ लागले. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी दीर्घ लढा दिला. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांची मासेमारी बंद केली, २०२१ साली राज्याने दंड वाढवला. कागदावर मच्छीमार जिंकला आहे. समुद्रावर कोण जिंकले, हे रात्री किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे क्षितिजावर दिसते.

अशा वेळी ‘पर्यायी उपजीविका’ हे शब्द फार जपून ऐकले पाहिजेत. गाझा पट्टीचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. ऑस्लो करारांनी तेथील मच्छीमारांना वीस सागरी मैलांपर्यंत जाण्याचा हक्क दिला होता. २००९ साली इस्रायलने तो तीन मैलांवर आणला. त्यानंतर अन्न व कृषी संघटनेने गाझातील घरांच्या गच्च्यांवर याच माशा-भाजीच्या टाक्या बसवल्या. ज्या घरांचा भार बायकांवर होता अशा कुटुंबांना त्या दिल्या गेल्या. वेढ्यातल्या कुटुंबाला त्या टाकीने ताजे अन्न दिले, याबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु डोळ्यांसमोर समुद्र असताना मच्छीमाराने गच्चीवर मासे का पाळावे, याचे उत्तर शेतीशास्त्रात नव्हते.

मालवणात वेढा नाही, पण तर्क त्याच वाटेने जाऊ शकतो. टाकी घेतलीत ना, मग आता पर्ससीनबद्दल तक्रार कशाला? हा प्रश्न अजून कोणी उघड विचारला नसेल. तो विचारला जाण्याआधीच त्याचे उत्तर गावोगाव तयार असले पाहिजे. अनुदानाची टाकी ही समुद्रावरच्या हक्काची भरपाई म्हणून घ्यायची नाही.

टाकी घ्यायची ती स्वतःच्या अटींवर. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पाणी फिरवणाऱ्या परसातील छोट्या टाकीचा खर्च पन्नास हजार रुपये धरला होता आणि स्त्रियांना त्यावर साठ टक्के अनुदान होते. म्हणजे उरलेले वीस हजार तिने उभे करायचे. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन विकणाऱ्या बाईकडे ते नसतात. ज्यांच्याकडे असतात त्यांच्या बंगल्यामागे टाकी बसते. शिवाय तयार संच विकणारे दुकानदार पन्नास हजारांत गोष्ट संपवतील, असेही नाही. वस्तुतः वापरलेली पिंपे, जांभ्याची खडी आणि लहान पंप एवढ्यावर काम होते. चाळीस वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे एकोणतीस युनिटे वीज जाते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयातील वीजसवलत परड्यातल्या पंपापर्यंत पोचते की मोठ्या तलावांच्या मालकांपाशी थांबते, याचा पाठपुरावा तालुक्याच्या ठिकाणी झाला पाहिजे. वीज असेल तेव्हाचे हे झाले. मे २०२१ मधील तौक्ते वादळात किनाऱ्यावरचे खांब आडवे झाले आणि गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. दाटीने भरलेल्या टाकीत हवा बंद पडली की काही तासांत मासे तरंगू लागतात. म्हणून विरळ मासे पाळणे शहाणपणाचे, पुस्तिकेत वीस किलो लिहिले असले तरी.

खाद्याचा प्रश्न गावातच सुटू शकतो, निदान अर्धा. आपल्याकडील रोहू, कटला हे मासे भुकटीवाचून वाढतात. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समप्रमाणात हे त्यांचे जुने खाद्य. भातगिरण्या आणि खोबऱ्याचे घाणे या जिल्ह्यात आहेत. स्त्रियांच्या बचत गटांनी एकत्र येऊन कोंडा-पेंडीचे खाद्य केले, तर पोत्याची नाडी त्यांच्या हातात येते. हे मासे लहान टाकीत हळू वाढतात, आणि बांगड्याला सरावलेल्या जिभेला गोड्या पाण्याच्या माशाचा वास आवडत नाही, या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. तिलापिया भराभर वाढतो, म्हणून विक्रेते त्याची शिफारस करतात; पण १९५२ साली देशात आणलेल्या तिलापियाने तलावांत असा धुमाकूळ घातला की १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी आली. मालवणच्या पावसात टाकी ओसंडली की तो व्हाळात आणि व्हाळातून नदीत जायला एक रात्र पुरते.

ज्यांना खाडी जवळ आहे त्यांनी टाकीआधी खाडीकडे पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने गेल्या दशकात या जिल्ह्यात जो सागरी जैवविविधता प्रकल्प झाला, त्यात आणि नंतर कांदळवन कक्षाच्या योजनेत स्त्रियांच्या गटांनी बांबूच्या तराफ्यांना दोर बांधून कालवे व शिंपले वाढवले. कालवाला खाद्य लागत नाही, वीज लागत नाही; ते भरतीच्या पाण्यातून स्वतःचे अन्न गाळून घेते. लागते ती फक्त खाडीच्या त्या तुकड्यावर गटाचा हक्क आहे, अशी लेखी मान्यता, तीही वर्षभराच्या मेहेरबानीची नव्हे. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना १९५७ पासून १९९१ पर्यंत सलग लोकसभेत पाठवणाऱ्या या भागातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत टाकीच्या अनुदानाच्या अर्जासोबत दोन ठराव मांडावेत. एक, खाडीतील कालवांच्या जागा स्थानिक मच्छीमार स्त्रियांच्या गटांना दीर्घ मुदतीने देण्याचा. दुसरा, बारा सागरी मैलांच्या आत पर्ससीन आणि दिव्यांच्या नौकांवर झालेल्या कारवाईची गाववार माहिती दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा. अर्ज आणि ठराव एकाच दिवशी, एकाच सभेत नोंदले जावेत.