लांबचा नेम आणि रोह्याची गोळी

भुसावळजवळ वरणगांवीं १९६४ पासून लष्करी काडतुसांचा कारखाना चालू आहे, ५.५६ व ७.६२ मिलिमीटरचीं काडतुसें तेथें होतात. या शेजारामुळेंच कीं काय, आमच्याकडील सुशिक्षित बागाईतदारांत एक मत मूळ धरूं लागलें आहे: हरभरा-मक्याचा फन्ना उडविणाऱ्या रोह्यांवर (नीलगाय हें नांव, पण जात कुरंगांची) लांबूनच गोळी घालावी, आणि त्यासाठीं सरकारनें लष्करी जातीचें वेगवान काडतूस शेतकऱ्यास मोकळें करावें. पिकाची हानि खरी आहे; ती थट्टेवारी नेणाऱ्या शहरी प्राणिमित्रांशीं आमचें मुळींच जमत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमांतहि उभ्या पिकास धोका करणाऱ्या कांहीं जनावरांसाठीं परवानगीची वाट ठेविलेली आहे. परंतु काडतुसाविषयींचें हें मत आम्हांस साफ चुकीचें वाटतें.

लष्करी गोळी धातूच्या पूर्ण कवचांत असते. १८९९ च्या हेग परिषदेनें शरीरांत शिरून पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत वर्ज्य ठरविल्या. त्या गोळ्यांना नांव मिळालें तें आपल्याच कलकत्त्याजवळच्या दमदमचें. शिकाऱ्याचें शास्त्र नेमकें उलट आहे. कवचबंद गोळी रोह्याच्या अंगांतून बहुधा आरपार जाते, जनावर तसेंच पळतें आणि कोठल्या तरी नाल्यांत तडफडत मरतें. मऊ नाकाची गोळी आंत पसरते व काम लवकर संपवते. माणसाच्या बाबतींत जें क्रौर्य ठरलें, तीच येथें दया होय! परवान्यावर मिळणाऱ्या .३१५ रायफलीची सुमारें सोळा ग्रॅमची मऊ नाकाची गोळी मंद म्हणून आमचे मित्र तिला हंसतात. जवळून मारणारास ती पुरेशी आहे.

'जवळून' हाच खरा वाद. गोळी अर्धा सेकंद हवेंत राहिली तर सुमारें सव्वा मीटर खालीं येते. दुर्बीण लावून तें गणित सुटेल. पण तेवढ्या वेळांत चरणारें जनावर एक पाऊल टाकतें आणि छातीवर धरलेला नेम पोटांत बसतो, यावर कोणतें काडतूस उतारा देणार? शिवाय चुकलेली ७.६२ ची गोळी तीन किलोमीटरांपलीकडे जाऊं शकते. तापीकांठच्या केळींत पलीकडे कोण वाकून काम करीत आहे, हें नेमबाजास दिसत नाहीं.

रोही जवळ येऊं देत नाहीं, असें उत्तर मिळतें. हिंडणाऱ्यास तो येऊं देत नाहीं, हें खरें. पण त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा, कुंपणांतल्या फटी गांवच्या कोणत्याहि राखणदारास पाठ असतात. वाऱ्याची दिशा पाहून तेथें तासन्‌तास बसण्याचा कंटाळा, हेंच लांब पल्ल्याच्या हट्टाचें कारण आहे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनीं त्यावर जनावरांची संख्या लिहावी तशी गोळीची जातहि लिहावी, आणि शंभर मीटरांची मर्यादा घालावी.