उतारावर गिअर कोणाच्या हाती?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या गिअरबॉक्सवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अंकात अधिक शोभला असता, असेही कोणी म्हणेल. परंतु घाट उतरताना शाखा कोणी विचारत नाही. आणि अलीकडे आपल्या ओळखीच्या घरांतून क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी येऊ लागल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. गाडी मावसभावाची, नवी कोरी, ऑटोमॅटिक. दादा गाडी चालवीत होता आणि शेजारी मामा बसले होते. मामांची उभी हयात एस.टी.च्या स्टिअरिंगमागे गेलेली. निम्मा घाट उतरलो असू, तोच जळका वास येऊ लागला. मामा म्हणाले, "अरे, गाडी बाजूला घे. ब्रेक तापलेत." दादा हसला. "मामा, नवी गाडी आहे, थोडा वास यायचाच." पुढच्याच वळणावर त्याचा चेहरा उतरला. ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला होता.

सुदैवाने पुढे रस्ता रुंद होता. गाडी थांबली, चाकांना दगड लावले. मी बाटलीतले पाणी चाकावर ओतायला निघालो तर मामांनी हात धरला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर ते वाकडे होते, तडकतेही, म्हणाले. अर्धा तास आम्ही कठड्यापाशी बसून काढला आणि त्या अर्ध्या तासात वाद रंगला. मामांचे म्हणणे, "या गाडीला गिअरच नाही, मग उतारावर तिला धरणार कोण?" दादाचे म्हणणे, "गिअर आहेत, पण ते गाडीच बघते. आपण त्यात हात घालायचा नाही." मी गाडीसोबत आलेली पुस्तिका काढून वाचली, तेव्हा कळले की दोघांचेही अर्धेच बरोबर होते.

मामांचा नियम साधा आहे आणि घाटातल्या प्रत्येक जुन्या चालकाला तो पाठ असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये असली, की इंजिन चाकांना फिरवीत नाही, चाकेच इंजिनाला फिरवितात. हे फिरणे चाकांना जड जाते आणि गाडी मागे ओढल्यासारखी होते. गिअर जितका खालचा, तितके चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात आणि तितकी ओढ वाढते. यालाच इंजिन ब्रेक म्हणतात.

आता ऑटोमॅटिक गाडीचे पाहा. गिअर बदलताना ती मुख्यतः दोन गोष्टी विचारात घेते. वेग किती आहे, आणि चालकाने अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे? उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो आणि वेग तर वाढत असतो. यंत्र अनुमान काढते की ताकदीची गरज उरली नाही, आणि वरचा गिअर टाकते. सपाट रस्त्यावर हे अनुमान अगदी योग्य असते, त्याने इंधन वाचते. उतारावर मात्र नेमके उलटे हवे असते. गाडी धरायला हवी तेव्हाच ती मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

हा भार केवढा असतो याचा मी हिशेब केला. माणसांसह गाडीचे वजन १५०० किलो धरू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर, तर पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी. उतरण १००० मीटरच धरली तरी तेवढ्यात जी ऊर्जा मोकळी होते, तिने साधारण ४५ लिटर गार पाणी उकळेल, म्हणजे न्हाणीघरातले मोठे बंबच्या बंब! यातला काही भाग वारा आणि रस्ता खातात. उरलेला इंजिनाने घेतला नाही, तर चार चाकांच्या ब्रेकनाच घ्यावा लागतो. ब्रेक फार तापले की त्यांची पकड कमी होते. त्यातले तेल उकळले तर त्यात वाफ धरते, आणि मग पाय दाबला तरी दाब चाकापर्यंत पोचत नाही. आमच्या दादाचा पाय खोल गेला तो असा.

मग उपाय काय? तो गाडीतच असतो. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या दांडीवर 'डी'खेरीज 'एल', '२' किंवा 'एस' असे एखादे अक्षर असते, नाहीतर अधिक-उणे खुणा असलेली हाताने गिअर बदलायची सोय असते. हे काही आजचे नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स १९३९ मध्ये जाहीर करून १९४० च्या ओल्ड्समोबाईल मोटारींत बसविला, त्या दांडीवरही 'हाय'च्या शेजारी 'लो' होतेच. गिअर आपोआप बदलणारे यंत्र ज्यांनी घडविले, त्यांनीच शेवटचा शब्द चालकाकडे ठेवला होता. तो आपण वापरत नाही, हा दोष यंत्राचा नव्हे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की आता नव्या गाड्यांना उतार कळतो आणि त्या आपण होऊन खालचा गिअर टाकतात. काही गाड्या टाकतात, हे खरे. पण सर्वसाधारण गाडीला वेग वाढल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर उतार कळतो. पुढच्या वळणावर दरी आहे की बैलगाडी, हे तिला ठाऊक नसते. शिवाय वेग फार वाढल्यावर आपण खालचा गिअर मागितला, तर इंजिन वाचविण्यासाठी गाडी तो नाकारू शकते. म्हणून गिअर उताराच्या माथ्यावरच निवडायचा असतो. दुसरा आक्षेप इंजिनाच्या आवाजाचा. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडते आणि नव्या चालकाला वाटते, काहीतरी बिघडले. फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे असेल तर काही बिघडत नाही. तिसरा आक्षेप इंधनाचा, आणि तो सर्वांत घातक. पैसे वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आपल्याकडे थोडे नाहीत. वस्तुस्थिती अशी, की आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुधा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे पैसेही जातात आणि गाडीवरचा ताबाही.

विजेच्या गाड्यांनी हा प्रश्न मिटेल, असे काही मित्र म्हणतात. त्या उतारावर मोटर उलटी वापरून वेग रोखतात आणि वीजही साठवितात, ही सोय उत्तमच. पण माथ्यावरच्या हॉटेलात बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर ती वीज साठवायला जागा नसते आणि ही ओढ कमी पडू शकते. तेथेही विचार माथ्यावरच करावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत परवान्याच्या परीक्षेत काय पाहावे हे सांगितले आहे. उतारावर चटकन खालचा गिअर टाकता येणे ही त्यातली एक बाब आहे. मी परीक्षा दिली ती सपाट मैदानावर. उतार नव्हता, त्याविषयी प्रश्नही नव्हता. क्लचची गाडी शिकणाऱ्याला निदान गिअर ही वस्तू ठाऊक तरी असते. जो पहिल्या दिवसापासून ऑटोमॅटिकवर शिकतो, त्याला 'डी' टाक आणि चल, एवढेच सांगितले जाते. 'एल' कशासाठी, हे शिकविणाऱ्यानेही त्याला सांगितलेले नसते. माझे म्हणणे एवढेच, की शिकविणाऱ्या शाळांनी उताराचा एक धडा सक्तीचा करावा, परीक्षेत तो खरोखर पाहावा, आणि गाडी हाती देताना विकणाऱ्याने पेढ्यांबरोबर दहा मिनिटे यासाठीही द्यावीत.

माझा ऑटोमॅटिक गाडीला विरोध नाही. क्लच दाबून ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना विचारा तिची किंमत! यंत्राने श्रम जरूर घ्यावेत. पण श्रम गेले म्हणून काळजीही गेली, असे आपण समजू लागलो, तेथे चुकते.

त्या दिवशी ब्रेक निवल्यावर दादाने दांडी बाजूला ओढून दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरले, गाडी जरा मागे खेचल्यासारखी झाली आणि शांतपणे उतरू लागली. पोलादपूर येईपर्यंत ब्रेकला पाय लागला तो फक्त वळणांवर. मामा बराच वेळ त्या दांडीकडे पाहत होते. मग म्हणाले, "आहे म्हणायचा गिअर." दादा काही बोलला नाही. पण आता घाट आला, की तो माथ्यावरच हात दांडीकडे नेतो.