आधी भेंडीचा वाफा, मग कुत्र्याचे पिल्लू

उन्हाळ्याची सुट्टी सर्व मुलांना आवडते. मे महिना लागला की दप्तर खुंटीला, ते जूनच्या मध्यापर्यंत. या दिवसांत काही मुले मोबाइल बघत बसतात, काही दिवसभर समुद्रावर असतात. आणि पुष्कळ मुले घरी हट्ट करतात की, आम्हाला कुत्र्याचे पिल्लू पाहिजे म्हंजे पाहिजे. माझे मत असे आहे की पिल्लू जरूर पाळावे, पण आधी भेंडीचा एक वाफा करून दाखवावा. का ते सांगते.

आपल्या मनोरीची जमीन रेताड आहे. सकाळी पाणी घातले की दुपारी परत कोरडी. म्हणून वाफ्याच्या मधोमध एक जुने मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे. मडक्याला रंग दिलेला नसावा. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचे. मडके हळूहळू पाझरते आणि मुळांना ओल मिळते. वरून फणसाचा, आंब्याचा पालापाचोळा पसरायचा, म्हणजे ऊन लागत नाही आणि विहिरीचे पाणी कमी लागते. समुद्राजवळच्या विहिरीतून फार पाणी उपसले तर ते खारे होऊ लागते. म्हणून पाणी वाया घालवू नये.

भेंडी पेरल्यावर आठवड्याभरात कोंब दिसतो. पण भेंडी खायला मिळते ती ४५ ते ५० दिवसांनी. म्हणजे १ मेला पेरली तर शाळा उघडल्यावर! सुट्टीभर नुसते पाणी घालायचे, गवत काढायचे आणि कोंबड्या हाकायच्या. ज्याला एवढा दम निघतो, त्यालाच कुत्रा सांभाळता येतो.

वाडीत कुत्रा असला की मजा मात्र फार येते. आमचा मोत्या वाफ्याजवळ कोंबडी आली की धावतो. आपण बादली उचलली की तो विहिरीपर्यंत पुढे पुढे चालतो, जशी काही बादली त्यानेच धरली आहे. दुपारी केळीखाली ओल्या मातीत खड्डा करून झोपतो. काही लोक म्हणतात, कुत्री वाडी उकरून नासतात. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि गार माती शोधतो. म्हणून त्याला मारू नये. त्याला सावलीत एक कोपरा द्यावा, रोज ताजे पाणी ठेवावे आणि वाफ्याभोवती बोरीच्या काटेरी फांद्या लावाव्यात. आम्ही असेच केले. आता मोत्याही खूश आणि भेंडीपण खूश. उन्हात आखूड साखळीने कुत्रा बांधून ठेवणे मला अजिबात पटत नाही.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. कुत्र्याची घाण भाजीच्या खतखड्ड्यात टाकू नये, कारण तिच्यातून जंत होतात. कण्हेर विषारी असते, ती कुत्र्याला चघळू देऊ नये. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस द्यावी आणि पुढे दर वर्षी द्यावी. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर नावाच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावल्यावर लस दिली आणि तो वाचला. तो फक्त ९ वर्षांचा होता. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. चुना, हळद, तिखट लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने देतात म्हणून कोणी घाबरू नये. ती जुनी गोष्ट झाली, आता दंडात देतात.

आता मुख्य मुद्दा. काही लोक सुट्टीपुरते पिल्लू आणतात. महिनाभर त्याला दूध देतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात. पाऊस सुरू झाला की अंगण चिखलाने भरते, पिल्लाला वास येतो, मग ते रस्त्यावर सोडून देतात. त्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही. दुसरी कुत्री त्याला चावतात. मग तेही कोणाला तरी चावते आणि लोक म्हणतात, कुत्री वाईट. मला विचाराल तर यात कुत्र्याचा काय दोष? संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, अशी गोष्ट आपण ऐकतो. संत रॉक यांच्या चित्रातही तोंडात भाकरी घेतलेला कुत्रा असतो. त्यांना हात जोडायचे आणि पिल्लाला पावसात सोडायचे, हे बरोबर आहे का?

भेंडीचे झाड तीन-चार महिन्यांत संपते. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. आज आम्ही पिल्लू आणले तर आम्ही मोठे होऊन कामाला लागलो तरी तो दारात असणार. म्हणून पालकांनाही माझी विनंती आहे. मुलांनी हट्ट केला तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीपण म्हणू नका. त्यांना मूठभर भेंडीचे बी आणि एक जुने मडके द्या. शाळा उघडल्यावरही वाफा हिरवा दिसला, तर खुशाल पिल्लू आणा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी