थकलाय म्हणून डिग्री लवकर उरकताय? आधी हिशोब करा!



ट्रेनिंगला येणारी कॉलेजची मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, अभ्यासाचा जाम वीट आलाय. डिग्री लवकर संपवून धंद्यात उतरू का?"

माझं मत स्पष्ट आहे. धंद्यात जरूर या, पण थकव्यातून सुटका म्हणून डिग्री लवकर उरकू नका.

का? आकडे बघा. तीन वर्षांच्या डिग्रीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात, म्हणजे सेमिस्टरला २०. २०२४ च्या शेवटी यूजीसीने ठरवलं की कॉलेजची तयारी असेल तर हीच डिग्री पाच सेमिस्टरमध्ये करता येईल. ऐकायला मस्त वाटतं! पण क्रेडिट्स कमी होत नाहीत. पहिल्या वर्षाचे ४० झाले, तर उरलेले ८० तीन सेमिस्टरमध्ये. म्हणजे सेमिस्टरला जवळजवळ २७. आधीच दमलेल्या बैलावर आणखी एक गोणी!

मग करायचं काय? त्याच नियमांत उलटी सोयही आहे. दोन सेमिस्टरपर्यंत मुदत वाढवून घेता येते, म्हणजे दर सेमिस्टरचा भार हलका. चार वर्षांच्या कोर्सला असाल तर तिसऱ्या वर्षानंतर डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. अगदीच झेपत नसेल तर दोन वर्षांनंतर ठरलेला स्किल कोर्स किंवा इंटर्नशिप करून डिप्लोमा मिळतो, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं. तुमच्या कॉलेजमध्ये यातलं काय सुरू आहे, ते ऑफिसात जाऊन विचारा. डिजिलॉकरवर आपले क्रेडिट्सही तपासा.

आता धंद्याची बाजू. उद्यम नोंदणीला डिग्री लागत नाही. पीएमईजीपीच्या मोठ्या प्रोजेक्टलाही शिक्षणाची अट आठवी पासची आहे. म्हणजे डिग्रीने तुमची वाट अडवलेली नाही, मग घाई कसली? शनिवार-रविवारी स्टॉल लावा, दोन गिऱ्हाईकं जोडा, हिशोबाची वही सुरू करा.

आणि दुकान म्हणजे विश्रांती नव्हे. मी स्वतः काउंटरवर बसतो म्हणून सांगतो. कॉलेजला दांडी मारता येते, पण शटर बंद राहिलं की त्या दिवसाचा गल्ला गेला. भाडं आणि उधारीवाले थांबत नाहीत. दमलेलं डोकं भाव करताना चुकतं, उधारी देताना नाही म्हणू शकत नाही, आणि भांडवल घरच्यांचं असतं.

म्हणून एक करून बघा. परीक्षा संपली की पंधरा दिवस पूर्ण आराम करा. झोपा, फिरा, काहीच ठरवू नका. त्यानंतर होलसेल मार्केटला चक्कर मारावीशी वाटते का? दर विचारावेसे वाटतात का? वाटत असेल तर धंद्याची ओढ खरी आहे. तेही नकोसं वाटत असेल, तर प्रॉब्लेम कॉलेजपुरता नाही. झोप, भूक बिघडली असेल तर डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर बोला. त्यात लाज कसली?

तब्येत ठीक आहे, गिऱ्हाईक हातात आहे आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे? मग खुशाल लवकर संपवा. यातलं एकही नसेल, तर सध्या वेग कमी करा. सहा महिने उशिरा उघडलेलं दुकान चालतं, दमलेल्या मालकाचं चालणं अवघड!