आधी नाव विचारा

नांदगाव पेठेहून अमरावतीकडे निघालेल्या कोणालाही वाटेतल्या दहा झाडांची नावे विचारून पाहावीत. निंब, बाभूळ, वड, पिंपळ, फार तर पळस. इथवर आले की गाडी अडते. पुढची सगळी 'शोभेची झाडं', आणि जी शोभेची नाहीत ती 'जंगली'. या दोन शब्दांत आपण निम्मी सृष्टी गुंडाळून ठेवली आहे. नवल असे की ज्या झाडाचे नाव ठाऊक नाही, त्याच्याविषयीचे मत मात्र प्रत्येकाचे ठाम असते.

ही मते बहुधा दोन प्रकारची. पहिल्या पक्षाला हिरवे तेवढे सगळेच चांगले. पावसाळा आला की रोपवाटिकेतून जे स्वस्त, जे झपाट्याने वाढते आणि ज्याला गुरे तोंड लावत नाहीत ते आणावे, खड्ड्यात उभे करावे, छायाचित्र काढावे आणि घरी जावे. ते काय आहे, वीस वर्षांनी केवढे होणार, त्यावर कोणते पाखरू बसणार, याची चौकशी करण्याचे कोणाला सुचत नाही.

दुसरा पक्ष अलीकडे अधिक आवाजी झाला आहे. त्याला एकच कसोटी पुरते: झाड परके की आपले? परके असेल तर उपटा! गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा, पिचकारी आफ्रिकेची. म्हणून ही सारी दोषी. या मंडळींना मी नम्रपणे सुचवीन की आरंभ स्वयंपाकघरापासून करावा. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली. ती वजा करून वऱ्हाडी ठेचा कसा करतात ते मला पाहायचे आहे. पेरू, पपई, सीताफळ हीदेखील तिकडचीच. आणि चाफा? ज्याच्या फुलांवाचून कित्येक देवळांची अंगणे आणि दफनभूमी सुन्या वाटतील, तो पांढरा चाफाही अमेरिका खंडातून आलेला. त्याच्या शास्त्रीय नावात शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच संन्यस्ताची आठवण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? 'परका' हा शब्द या देशात ख्रिस्ती कानांना नवा नाही. तो ऐकून ज्यांनी अपमान गिळला, त्यांनीच झाडांना तोच न्याय लावावा याचे मला अधिक वाईट वाटते.

याचा अर्थ पाहुणा म्हणून आलेल्या प्रत्येकाला ओसरी मोकळी, असा नव्हे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली गेली. आज मेळघाटच्या रानातही तिने गवताची जागा बळकावली आहे. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ साली बंदी घातली. पण देशी सातवीणही पाहा! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिच्या रांगाच्या रांगा लावल्या, आणि आता शरदात ती फुलली की घमघमाटाने डोके उठते अशी ओरड होते. दोष तिच्या कुळाचा नव्हे, न विचारता एकच झाड शेकड्याने लावणाऱ्याचा आहे. झाडाचा निवाडा त्याच्या जन्मस्थानावरून नको, त्याच्या वर्तनावरून व्हावा. आणि वर्तन कळायचे तर आधी ओळख हवी.

ओळख नसल्याची किंमत झाडच मोजते. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. दोघांची पाने जोडपानासारखी, एवढ्यावर भागते. उंच, सरळ, लाटांसारख्या कडांच्या पानांचा आसुपालव गावोगाव 'अशोक' म्हणून मिरवतो, आणि केशरी गुच्छांनी फुलणारा खरा सीताअशोक समोर आला तर त्याला कोणी ओळखत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. पवित्र शास्त्रात देव आदामापुढे पशुपक्षी आणतो, तो त्यांना काय नावे देतो हे पाहण्यासाठी. तेथे झाडांचा उल्लेख नाही, असे कोणी चिकित्सक म्हणेल. त्याने शलमोनाकडे वळावे, जो लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीत उगवणाऱ्या एजोबापर्यंत सगळ्यांविषयी बोलत असे. मराठी बायबलात जक्कय उंबरावर चढतो. पॅलेस्टाईनचे ते झाड आपल्या उंबराचे सख्खे भावंड आहे. भाषांतरकाराला झाडे कळत होती म्हणून हा शब्द सापडला. 'एक मोठे झाड' असे लिहूनही कथा पुढे सरकली असती, पण आपल्या नदीकाठचा उंबर यरीहोला पोचला नसता.

आणि फादर सांतापाव? स्पेनहून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवले, खंडाळ्याच्या डोंगरातली झाडेझुडपे नोंदली, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालकपद भूषविले आणि सामान्य वाचकासाठी आपल्या नेहमीच्या झाडांवर पुस्तकही लिहिले. त्याच महाविद्यालयातला वनस्पतिसंग्रह फादर ब्लॅटर या दुसऱ्या येशूसंघीयाच्या नावाने चालतो. परदेशी माणसांनी आपली झाडे ओळखावीत आणि आपण त्यांना 'जंगली' म्हणावे!

आता भ्रमणध्वनीला फूल दाखवले की तो नाव सांगतो, मग शिकायचे कशाला, असे तरुण विचारतात. जरूर दाखवा. पण पाने समोरासमोर की आडीपाळीने, पान एकच की अनेक पर्णिकांचे, देठ मोडला तर चीक येतो का, शेंग आहे की फळ, हे हाताने पाहावे लागते. यंत्र चुकते तेव्हा ते ओळखायलाही हेच लागते. शिवाय गुरे राखणारा पोरगा आणि घरची आजी गावातले जे नाव सांगतील, ते कोणत्याही यंत्रात मिळेलच असे नाही.

येत्या पावसाळ्यात चर्चच्या आवारासाठी जो रोप आणील त्याला मी तीन प्रश्न विचारणार आहे: याचे नाव काय, ते केवढे होते, आणि याचा कोणता भाग विषारी आहे? शेवटचा प्रश्न उगाच नाही. पिवळी कण्हेर, जिला कोणी बिट्टी म्हणतात, ती दिसायला देखणी आणि जगायला चिवट. पण तिच्या बिया हृदय बंद पाडू शकतात, आणि मुलांना त्या खेळायला आवडतात. असे रोप ज्याने आणले असेल त्याने ते परत न्यावे. त्याऐवजी बहावा आणला तर खड्डा मी स्वतः खणीन.