वस्तीवरचा पट

इंदापूर तालुक्यातल्या लासुर्णे परिसरात बरीच घरे गावठाणात नाहीत, रानात आहेत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि माणसे वस्तीवर राहू लागली. त्यांच्यामागे शाळाही रानात गेली. 2000 नंतर सरकारनेच वस्तीशाळा काढल्या, निमशिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर त्या चालवल्या. अशा शाळेचा पट पंधरा-अठराच असणार. वस्तीवर घरेच मोजकी असतात.

आता तोच पट गुन्हा ठरतो आहे. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा शाळा 14,783 होत्या आणि मुले सुमारे 1 लाख 85 हजार. विरोध झाला. मग 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुले असतील, तर एकही शिक्षक मंजूर नाही! शाळेला कुलूप लावायचे नाही, गुरुजी मात्र काढून घ्यायचे. पालकांच्या लेखी दोन्ही सारखेच.

पट घसरतो, हे खरे आहे. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या उसाच्या बांधापर्यंत येतात आणि ऐपत असलेला पालक मुलाला त्यात बसवतो. पण त्याला दोष देण्याआधी वस्तीवरच्या शाळेत काय उरले ते बघा. एकटे गुरुजी पहिली ते चौथी सांभाळणार, पोषण आहाराचा हिशेब ठेवणार, ऑनलाइन माहिती भरणार, बैठकीला इंदापूरला जाणार. त्या दिवशी वर्गात कोण? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले, ते याचसाठी. दुसरा शिक्षक गेला की उरलेले पालकही जातात, आणि पुढच्या वर्षी कमी पटाचा पुरावा आयताच तयार असतो.

समूह शाळेत मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, सोबतीला मुले असतील. ते सगळे चांगलेच. मोठ्या मुलांसाठी, गाडीची खात्री असेल तर, विचारही करावा. पण सहा वर्षांच्या पोरीचे काय? हंगामात तिच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस असतो. पुढे बारामती–इंदापूर रस्ता, म्हणजे आताचा पालखी महामार्ग, आणि त्यावर कारखान्याकडे निघालेले जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. नकाशावर हे अंतर दीड-दोन किलोमीटर दिसेल. थोरल्या भावाला शाळेत पाठवतील, तिला घरी ठेवतील.

आमचे म्हणणे एवढेच. पहिली ते चौथीच्या वस्तीवरच्या शाळेला दोन कायम शिक्षक द्या, पट कितीही असो. आणि कुठल्याही समायोजनाचा प्रस्ताव करण्याआधी केंद्रप्रमुखांनी ऐन हंगामातल्या एका सकाळी पहिलीतल्या मुलीबरोबर वस्तीपासून नव्या शाळेपर्यंत चालत यावे. किती वेळ लागला आणि कुठे तिचा हात धरावा लागला, ते प्रस्तावात लिहावे.